स्पिटफायरला रिट्रॅक्ट टाकू की फिक्स्ड पाय ठेवू? (मैदान सोलापूरचं, मुरमाचं)

माळरान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. रेडिओवर उडवायच्या मॉडेल विमानांपैकी ट्रेनरवर (शिकायच्या विमानावर) हात बऱ्यापैकी बसलाय, आता पुढचं विमान घ्यायचं चाललंय आणि चाकांवरून घोडं अडलंय म्हणून धागा काढतोय.

फोमचं स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉडेल), विंगस्पॅन म्हणजे पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १२०० मिमी, फोर एस म्हणजे चार सेलची बॅटरी, बॅटरीसकट वजन साधारण दीड किलो. विकणारा दोन प्रकारात देतोय, एकात वायरचे फिक्स्ड पाय, दुसऱ्यात इलेक्ट्रिक रिट्रॅक्ट म्हणजे स्विच मारला की चाकं पंखात. पैशात फरक आहे पण तो एक वेळ सोडा, दिवाळीत काहीच घेतलं नव्हतं असं बायकोला सांगता येईल.

जागा सांगतो. मंगळवेढा रोडला शहराच्या बरंच बाहेर ओळखीच्यांचं पडीक रान आहे, त्यात मुरूम टाकून रोलर फिरवलेली पट्टी, लांबी ऐंशी-नव्वद मीटर, रुंदी पाच-सहा मीटर. दोन्ही बाजूला काळी माती आणि त्यापलीकडं ज्वारी. विमानतळापासून लांब आहे, डिजिटल स्कायचा (ड्रोन-मॉडेल कुठं उडवता येतं ते दाखवणारा सरकारी) नकाशा बघूनच जागा धरलीय त्यामुळं तो विषय इथं नको. रेडिओ सहा चॅनलचा, पाचवा मोकळा आहे, रिट्रॅक्टचा स्विच त्यावर बसेल. सांगा काय करू.

शेंगाचटणी

रिट्रॅक्टच घे बे, एवढा इचार कशाला करलालास. स्पिटफायर हाय ती, खाली पाय लोंबकळत गेली तर बगळा उडाल्यागत दिसतंय की. मान वर करून बघणाऱ्याला पहिल्यांदा पायच दिसतेत.

बाल्सा_काका

शेंगाचटणी, तुझं दिसण्यापुरतं बरोबर आहे. पण विमान हवेत सात-आठ मिनिटं असतं आणि ते जिथं उतरतं तिथं मुरूम असतो.

माळरान, तुझी पट्टी मी बघितलेली नाही पण अशा पट्ट्या माहीत आहेत. रोलर फिरवला की पहिले दोन महिने गालिचा, नंतर एक पाऊस पडला की बारीक माती वाहून जाते आणि खडे वर येतात. त्याच्यावर ४०-५० मिमीचं चाक म्हणजे प्रत्येक खडा त्याला अडथळा. फिक्स्ड वायर असली की ती मागं वाकते, पुन्हा जागेवर येते, धक्का तिथंच जिरतो. खूपच वाकली तर उतरल्यावर हातानं सरळ करायची आणि परत उडवायचं, मैदानावर एवढं होतं. रिट्रॅक्टमध्ये तीच वायर एका लहानशा तुकड्यात घुसलेली असते आणि सगळा धक्का त्या तुकड्यावर, तिथून चार बारीक स्क्रूवर आणि तिथून फोममध्ये चिकटवलेल्या प्लायच्या चकतीवर. काहीतरी एक सुटणार, आणि बहुतेक वेळा चकती फोमसकट उपटून येते. मग पंखाला खड्डा, खड्ड्यात इपॉक्सी, इपॉक्सीचं वजन, वगैरे वगैरे.

माझं मत फिक्स्ड.

स्पॅनरवाली

काका म्हणतात ते पटतं पण "रिट्रॅक्ट" म्हणून सगळ्यांना एका पोत्यात घालू नका, तीन जाती आहेत आणि तिघींची दुखणी वेगळी.

जुनी जात मेकॅनिकल. एक खास सर्व्हो (रेडिओच्या इशाऱ्यावर दांडी फिरवणारी छोटी मोटर) असतो, तो १८० अंश फिरतो, मध्ये कुठं थांबत नाही, या टोकाला नाहीतर त्या टोकाला. त्याच्यापासून सळया पायापर्यंत. पाय पूर्ण खाली आला की सळईचा सांधा मध्यरेषेच्या किंचित पलीकडं जाऊन अडकतो, म्हणजे जमिनीचा धक्का सर्व्होपर्यंत पोचतच नाही, सांध्यातच राहतो. डिझाइन म्हणून अतिशय सुंदर. पण सळईची लांबी एक-दीड मिलिमीटर चुकली की सर्व्होला टोक गाठता येत नाही, तो तिथंच गुरगुरत बसतो आणि बॅटरी पीत राहतो.

दुसरी हवेवरची. विमानात छोटी टाकी, तिच्यात पंपानं हवा भरायची, व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडर पाय ओढून घेतो. मोठ्या मॉडेलवर अजून दिसते. आपल्याकडच्या धुळीत आणि एप्रिलच्या उन्हात त्या ओ-रिंगा कडक होतात आणि हवा हळूहळू गळते. घ्यायचीच झाली तर हवा गेली की स्प्रिंगनं पाय आपोआप खाली येतात ती घ्यावी, दुसरी नको.

तिसरी इलेक्ट्रिक, तू बघतोयस ती. हिच्यात सर्व्हो नाही. आत एवढुशी मोटर, तिला आट्यांचा स्क्रू, स्क्रूवर नट सरकतो आणि नटामुळं पाय फिरतो. टोकाला पोचला की मोटर अडते, करंट वाढतो, सर्किटला ते कळतं आणि ते मोटर बंद करतं. आता इथं गोम आहे. सर्किटला फक्त "मोटर अडली" एवढं कळतं, का अडली ते कळत नाही. पायात गवताची काडी किंवा खडा अडकला तरी त्याला वाटतं पोचलो टोकाला. मग एक पाय पूर्ण खाली आणि दुसरा पाऊण, आणि हे तुला खालून नीट दिसतही नाही.

दुसरी गोष्ट, त्या स्क्रूला तेल-ग्रीस लावायचा मोह होतो. लावू नका. आपली काळी धूळ आणि ग्रीस मिळून पॉलिशपेपर तयार होतो आणि आटे खाऊन टाकतो. कोरडं ग्रॅफाइट चालेल. नाहीतर मऊ ब्रशनं झाडून घ्यायचं आणि तसंच ठेवायचं.

पुणेरी_पंख

आमच्याकडे डांबरी पट्टी आहे आणि तिथे सगळे वॉरबर्डवाले (लढाऊ विमानांची मॉडेलं उडवणारे) रिट्रॅक्टच वापरतात, काही होत नाही. प्रश्न बहुधा पायलटिंगचा असतो. लँडिंग नीट केलं तर कुठलाही गिअर टिकतो.

शेंगाचटणी

आला बघा पुण्याचा रनवे.

बाल्सा_काका

पुणेरी, डांबरावर तुमचं म्हणणं खरंच आहे, चाकाला अडवायला तिथं काही नाही. विषय मुरमाचा चाललाय.

झेडपी_मास्तर

मी जरा आकडेमोड करतो, कंटाळा आला तर खाली सरका. रिट्रॅक्टच्या बाजूनं पहिला मुद्दा असतो की हवेचा अडथळा कमी होतो, वेग वाढतो. किती? ते बघू.

दोन चाकं, प्रत्येकी ६० मिमी व्यास, २० मिमी जाड. समोरून क्षेत्रफळ दोन्हींचं मिळून ०.००२४ चौरस मीटर. दोन वायरी, ४ मिमी जाड, १५० मिमी लांब, त्यांचं ०.००१२. चाकाचा ड्रॅग (म्हणजे हवेचा अडथळा) गुणांक एकच्या खाली, गोल वायरीचा एकच्या आसपास, तेव्हा सगळं मिळून हिशोबाला ०.००३ धरू. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आणि हवा तापलेली, म्हणून घनता १.१ घेतो.

ताशी ५४ किमी म्हणजे सेकंदाला १५ मीटर. अडथळा येतो साधारण ३८ ग्रॅम. दीड किलोच्या विमानाला ३८ ग्रॅम. मोटरला पाच-सहा वॅट जास्त लागणार, चार-पाचशे वॅटच्या मोटरला ते कळणार पण नाही.

आता हेच ताशी १४४ किमीला, सेकंदाला ४० मीटर. अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो म्हणून सात पट, पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास. मोटरला शंभर वॅटच्या वर. आता मात्र कळणार.

तर माळरान, तुझं स्पिटफायर किती वेगानं उडतं याच्यावर आहे. फोमचं १२०० मिमी बहुतेक वेळ ६० ते ९० च्या मध्ये फिरतं. त्या पट्ट्यात पाय आत घेऊन वेग वाढल्याचा आनंद मनात जास्त आणि आकाशात कमी.

आणि उलट बाजू. रिट्रॅक्टच्या सेटनं, प्लायच्या चकत्यांनी, वायरींनी वजन वाढतं. समज दीडशे ग्रॅम वाढलं, म्हणजे दहा टक्के, तर स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो) पाच टक्क्यांनी वर जातो. म्हणजे ज्या पायांसाठी वजन वाढवलं त्याच पायांवर जास्त वेगानं उतरायचं. मोठ्या मॉडेलमध्ये हेच वजन टक्क्यात किरकोळ होतं म्हणून त्यांचं गणित वेगळं.

माळरान

मास्तर, हे वहीत उतरवून घेतलं. पण मग सगळे स्पर्धावाले रिट्रॅक्ट का वापरतात? जुन्या मासिकांच्या फोटोत बघितलंय, पॅटर्नची विमानं, सगळ्यांचे पाय आत.

झेडपी_मास्तर

जुन्या फोटोत म्हणालास तिथंच उत्तर आहे. १९७० च्या दशकात एफथ्रीए म्हणजे पॅटर्न एरोबॅटिक्सची विमानं वेगानं उडायची, लांबलचक मैदानभर कसरती, तेव्हा पाय आत घेणं फायद्याचं होतं. १९८० च्या दशकात टर्नअराउंड आलं, म्हणजे ठरलेल्या चौकटीतच एकामागून एक कसरती आणि वेग सगळीकडे सारखा. वेग उतरला, विमानं फुगली, मोठी आणि हलकी झाली. तिथं नियमानं दोन मीटर लांबी, दोन मीटर रुंदी आणि पाच किलो वजन ही मर्यादा. पाच किलोत दोन मीटरचं विमान बसवताना प्रत्येक ग्रॅम मोजतात, तिथं रिट्रॅक्टचं वजन कोण नेणार. आज ती विमानं बघ, कार्बन फायबरचे पातळ फिक्स्ड पाय, चाकांवर टोप्या. म्हणजे जगातले सगळ्यात बारकाईनं उडवणारे लोक रिट्रॅक्ट वापरून, पारखून मग सोडून बसलेत.

खऱ्या विमानातही सगळे पाय आत घेत नाहीत. सिरस एसआर२२ हे चार-पाच माणसांचं, ताशी सव्वातीनशेच्या पुढं जाणारं विमान, पाय फिक्स्ड. चांगल्या टोप्या घातल्या, आणि आत घेण्याची यंत्रणा, तिचं वजन, तिची देखभाल सगळं वाचवलं.

अकलूजचा_पायलट

मी उलट बाजूनं बोलतो कारण इथं सगळे एकाच दिशेला चाललेत.

पट्टीवर उतरतानाचंच सगळे बोलतायत. पट्टीवर पोचलोच नाही तर? माळरानच्या पट्टीला दोन्ही बाजूला काळी माती आणि ज्वारी. बॅटरी संपली, मोटर बंद पडली, वाऱ्यानं ढकललं, विमान ज्वारीत नाहीतर नांगरटीत जाणार. ज्वारी निघाल्यावर धसकटं असतात ती वेगळीच, प्रत्येक एक खिळा. अशा ठिकाणी फिक्स्ड पाय पहिल्यांदा अडकतात आणि विमान नाकावर पलटी, प्रॉप, मोटर माउंट, कॅनोपी सगळं. रिट्रॅक्ट असेल तर पाय आत घ्यायचे, पोटावर घसरायचं, फोमला ओरखडे पडतील, प्रॉप जाईल, संपलं. काळ्या मातीच्या ढेकळांवर तर पोटच बरं.

आणि पाय बाहेर काढायला विसरलो तरी फोमच्या विमानाचं फारसं काही होत नाही. वाईट असतो तो अर्धा आलेला पाय, स्पॅनरवाली म्हणतात तो.

अजून एक. उतरताना पाय बाहेर काढले की वेग आपोआप मरतो, मास्तरांचा तो ड्रॅग तिथं कामाला येतो. स्पिटफायरसारखं गुळगुळीत विमान छोट्या पट्टीवर तरंगत पुढं जातं, खाली बसतच नाही, त्याला हा ब्रेकच आहे.

बाल्सा_काका

शेतातल्या लँडिंगचा मुद्दा मान्य, हा मी धरला नव्हता. ब्रेकचा मुद्दा मात्र फुकटचा आहे, फिक्स्डमध्ये तो ब्रेक कायम लागलेलाच असतो 😄

सायकल_मार्ट

पाय काढूनच टाका ना. हातानं फेकायचं, पोटावर उतरवायचं. आमच्या गटात लहान फोमची वॉरबर्ड सगळी अशीच. चाकंच नाहीत तर वाद कसला.

अकलूजचा_पायलट

दीड किलोचं स्पिटफायर हातानं फेकायला खांदा लागतो आणि फेकणारा दुसरा माणूस भरवशाचा लागतो. शिवाय मुरमावर पोटानं उतरवलं तर दोन महिन्यात खालचा रंग जाऊन पांढरा फोम दिसणार. गवतावर ठीक. पण कल्पना जुनीच आहे, दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन कोमेट, एमई १६३, ते चाकांच्या गाड्यावरून उडायचं, उडालं की गाडा खाली टाकायचं आणि परत येताना घसरपट्टीवर उतरायचं. मॉडेलमध्ये पण लोक असा गाडा करतात.

स्पॅनरवाली

मूळ प्रश्नातलं एक कोणीच काढलं नाही. तू स्पिटफायर घेतोयस. रिट्रॅक्ट की फिक्स्ड हा नंतरचा प्रश्न, स्पिटफायरच्या पायांची मुळातली अडचण म्हणजे ते जवळजवळ आहेत. खऱ्या स्पिटफायरचे पाय पंखाच्या मुळाशी सांध्यात बसलेले आणि बाहेरच्या बाजूला मिटतात, म्हणून दोन चाकांतलं अंतर जेमतेम पावणेदोन मीटर, विंगस्पॅन सव्वाअकरा मीटर. मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानाचे पाय पंखात लांब बसवलेले आणि आतल्या बाजूला मिटतात, त्यामुळं विंगस्पॅन जवळपास तेवढाच असून चाकांतलं अंतर साडेतीन मीटरच्या पुढं.

तुझ्या १२०० मिमीला हे लावलं तर स्पिटफायरला साधारण १८५ मिमी, मस्टँगला ३८० च्या आसपास. दुप्पट. हरिकेनचे पाय पण आत मिटतात, त्याचं अंतरही स्पिटफायरपेक्षा मोठं. मेसरश्मिट १०९ ची कथा स्पिटफायरसारखीच.

आता तुझी एकच पट्टी, एकाच दिशेची, आणि जून-जुलैत आपल्याकडं नैऋत्येचा वारा दिवसभर सुटलेला असतो. पट्टी त्या दिशेला नसेल तर आडवा वारा, १८५ मिमीवरचं विमान, पंखाचं टोक जमिनीला लागणार आणि भोवरा. शिवाय टेलड्रॅगर, म्हणजे मुख्य चाकं पुढं आणि छोटं चाक शेपटाखाली. सुकाणू हलकं ठेवायचं, थ्रॉटल एकदम द्यायचं नाही, हे आलं, पण पायांतलं अंतर वाढवता येत नाही.

माळरान

पट्टी पूर्व-पश्चिम आहे 🙃 म्हणजे पावसाळ्यात थोडा आडवा येणारच. आणि एप्रिलात दुपारी वावटळी उठतात त्या वेगळ्याच, पण त्या वेळी आम्ही उडवत नाही, सकाळी साडेआठनंतर सामान गाडीत.

मस्टँगचा विचार केला होता खरं तर. पण स्पिटफायर म्हणजे स्पिटफायर ओ. आपल्या हवाई दलानं वापरलेलं.

नाना_जुळे_सोलापूर

आपल्या हवाई दलाचंच करायचं असेल तर दुसऱ्यांचं विमान कशाला घेता पोरांनो. एचटी-२ करा.

नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून लिहितो. हिंदुस्तान एअरक्राफ्टचं, पहिलं उड्डाण १९५१ साली, दोन जण पुढं-मागं बसणारं प्रशिक्षणाचं विमान, पंख खाली, मागं छोटं चाक, आणि पाय फिक्स्ड. डिझाइन डॉ. विष्णू माधव घाटगे यांचं, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, गडहिंग्लजकडचे. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेला माणूस. म्हणजे हवेच्या अडथळ्याचं ज्ञान जिथं तयार झालं तिथं जाऊन शिकून आले आणि प्रशिक्षणाच्या विमानाला पाय फिक्स्डच ठेवले, कारण शिकणारा पोरगा ते जोरात आपटणार हे त्यांना ठाऊक होतं. पुढं किरण नावाचं जेट त्यांच्याच पुढाकारानं झालं, ते १९६४ ला उडालं, त्याचे पाय आत जातात, कारण तिथं वेग होता.

विंगस्पॅन १०.७२ मीटर. एकास नऊ केलं की ११९० मिमी. तुला पाहिजे तेवढंच. पाय खाली लटकले तरी कोणी बगळा म्हणणार नाही, मूळ विमानच तसं आहे.

शेंगाचटणी

नाना, नमस्कार 🙏 आता मी पण गप बसतो.

पुणेरी_पंख

नानांचा मुद्दा भारी आहे. स्केलच्या दृष्टीने खरंच, मूळ विमानाला फिक्स्ड पाय असले की हा वाद उरतच नाही. कब, सेसना १७२, स्टुका, आपलं दीपक एचपीटी-३२, सगळी फिक्स्डच.

माळरान

नाना, एचटी-२ ची तीन बाजूंची ड्रॉइंग शोधायला घेतली रात्रीच. पण ते शीटफोममधनं स्वतः कापून करावं लागणार, तयार मिळत नाही, म्हणजे ते पावसाळ्यातलं काम, उडवता येत नाही तेव्हा. तोवर स्पिटफायरचं ठरवून टाकतो म्हणतोय.

एक शंका राहिली. रिट्रॅक्ट घेतलंच तर करंट किती खाईल? ईएससीतला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधला) बीईसी, म्हणजे रिसिव्हर आणि सर्व्होंना वीज देणारा भाग, ३ अँपिअरचा आहे, त्याच्यावर रिसिव्हर, चार सर्व्हो आणि वर हे दोन पाय.

स्पॅनरवाली

इथंच विमानं पडतात. सगळे सर्व्हो हलत असताना दोन्ही पाय एकदम फिरायला लागले आणि त्यातला एक अडला तर व्होल्टेज खाली जातं, रिसिव्हर क्षणभर मरतो आणि परत सुरू होतो. तो क्षण लँडिंगच्या वळणावर आला तर विमान त्याच वळणात जमिनीत. बाहेरून बघणारा म्हणतो रेडिओनं दगा दिला.

उपाय सोपा आहे. वेगळा यूबीईसी (स्वतंत्र बीईसी), ५ अँपिअरचा, मुख्य बॅटरीवरून, आणि ईएससीतल्या बीईसीची लाल वायर काढून टेपनं गुंडाळून ठेवायची. जमिनीवर विमान उलटं धरून, रेडिओच्या सगळ्या काड्या हलवत हलवत पाय आत-बाहेर करून बघायचं. आणि एक पाय हातानं अडवून पण बघायचं, त्या वेळी सर्व्हो थरथरले किंवा रिसिव्हरचा दिवा लुकलुकला तर उडवायचं नाही.

आणि पायाची वायर ज्या भोकात बसते तिथं तिला कानसनं सपाट घासून घ्यायची म्हणजे बारीक स्क्रूला टेकायला जागा मिळते. नाहीतर चाक तिरकं फिरतं आणि पाय आत जाताना पंखाला घासतो. स्क्रूवर निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक), लाल नको, लाल लावलं तर परत सुटत नाही.

बाल्सा_काका

माळरान, मी एक मधला मार्ग सांगतो, बघ पटतोय का. रिट्रॅक्टवालाच प्रकार घे, पण रिट्रॅक्ट बसवू नकोस. त्या प्रकारात पंखात रिट्रॅक्टची खाच आणि प्लायची चकती आधीच असते. रिट्रॅक्टचा तळ चौकोनी आणि चार स्क्रूचा. तेवढ्याच मापाचा ठोकळा बर्च प्लायचा कर, त्याच चार भोकांवर बसव आणि त्यात फिक्स्ड वायर अडकव. मुरमावर उडवशील तोवर ठोकळा. कधी पुण्याला डांबरावर गेलास, किंवा ज्वारीच्या हंगामात शेतात जायची भीती वाटली, तर चार स्क्रू काढून रिट्रॅक्ट. दहा मिनिटांचं काम.

ठोकळ्याचा अजून एक फायदा, वायर मनासारखी पुढं झुकवता येते. टेलड्रॅगरला चाकाचा अक्ष सीजीच्या (विमानाच्या गुरुत्वमध्याच्या) पुढं पाहिजे, शेपूट उचलून विमान आडवं धरलं की सीजीपासून चाकापर्यंतची रेघ उभ्या रेघेच्या साधारण १५ ते २० अंश पुढं. खराब जमिनीवर थोडं जास्तच पुढं घ्यायचं, नाकावर पडत नाही. रिट्रॅक्टमध्ये हा कोन कारखान्यानं ठरवलेला असतो, तू काय करणार.

अकलूजचा_पायलट

हे आवडलं. फक्त चकतीखाली फोम आहे हे विसरू नका, ठोकळा कितीही घट्ट केला तरी मूळ जागा तीच. चकतीच्या दोन्ही बाजूंनी कार्बनची पट्टी पंखात आडवी चिकटवून घे म्हणजे धक्का लांबवर पसरतो. आणि स्क्रू नायलॉनचे लाव दोन, लोखंडाचे दोन. जोरात आपटलं तर नायलॉन तुटतात, लोखंडाचे वाकतात, पंख वाचतो.

माळरान

ठरलं मग. रिट्रॅक्टवालाच घेतो आणि काकांचा ठोकळा. पैसे जास्त गेले हे घरी कसं सांगायचं त्याचा वेगळा धागा काढतो.

वायर कुठं मिळेल सोलापुरात? सायकलची तार २ मिमीची आहे, ती चालणार नाही ना?

बाल्सा_काका

नाही नाही. दीड किलोला ४ मिमी, अगदी कमी म्हटलं तर ३.५. पियानो वायर म्हणून मागितली तर दुकानदार तोंडाकडं बघेल, स्प्रिंग स्टीलची तार म्हण. अक्कलकोट रोड एमआयडीसीत स्प्रिंगा करणारे असतील त्यांच्याकडं तुकडे माग. आणि वाकवताना गॅसवर तापवायची नाही, तापवली की तिचा कडकपणा जातो, मग ती स्प्रिंग राहत नाही. व्हाइसमध्ये धरून गार असतानाच, पाइपचा तुकडा घालून हळूहळू, आणि काटकोनात मोडू नकोस, कोपरा गोलसर ठेव, नाहीतर तिथंच तडा जातो. कापायला ग्राइंडरची चकती, पक्कड नाही, पकडीचा जबडा खराब होईल.

स्पॅनरवाली

चाकं हवेची घेऊ नकोस. सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे. भरीव फोमची घे, ६५-७० मिमीची, जेवढी खाचेत न मावतील तेवढी चांगली, आता आत जायचीच नाहीत तर मापाचं बंधन नाही. दोन्ही चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली ठेव, एक-दोन अंश, सरळ धावतं.

झेडपी_मास्तर

७० मिमीची चाकं घेतलीस तर माझा ड्रॅगचा हिशोब बदलेल, परत मांडू का?

माळरान

मास्तर नको 🙏

शेंगाचटणी

ते सगळं ऱ्हाऊ द्या. म्हंजे रिट्रॅक्टचा सेट नवाकोरा डब्यात पडून ऱ्हाणार. त्याचं लोणचं घालणारेस का बे? मला वीक अर्ध्या किमतीत. माझ्या विमानाला लावतो, मुरूम न् बिरूम काय हुतंय ते बघू.

माळरान

पाऊण किमतीत. आणि यूबीईसी तुझा तू घ्यायचा.

शेंगाचटणी

रविवारी सकाळी पट्टीवर ये, तिथं बोलू.